कोरडा तांडेल

बँक बुडाली ही बातमी आमच्या कोळीवाड्यात आली तेव्हा केसरमावशीने पहिला प्रश्न विचारला, "कुठं?"

बातमी आणणारा सदा हसायला लागला. रेवदंड्याच्या बाजारात दर्यालक्ष्मी बँकेच्या समोरच त्याचं चहाचं दुकान. बँकेच्या दारावर चिकटवलेला कागद त्याने सकाळी पाहिला आणि दुकान उघडं टाकून तो वाड्यावर धावत आला, कारण त्याचेही पैसे आत होते. रडता येत नव्हतं म्हणून हसत असावा.

"अगो मावशे, बँक काय खाडीत बुडते? बुडाली म्हंजे पैसे खलास. दाराला टाळं."

"खलास म्हंजे? जाळले?"

"न्हाय गो."

"मंग कुठंतरी हायेत. तेच इचारताव. कुठं?"

बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हसल्या. मी हसलो नाही. ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या माघातली. मी आदल्या वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि इथल्याच हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. पदार्थ नाहीसा होत नाही, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जातो, हे आठवीच्या वर्गाला मी नुकतंच सांगितलं होतं. त्यामुळे मावशीचा प्रश्न मला अगदी बरोबर वाटला. पण ती शास्त्र म्हणून विचारत नव्हती. आमच्या वाड्यात काहीही बुडालं की पहिला प्रश्न हाच असतो.

त्यामागे एक रीत आहे. दुसऱ्या कोळीवाड्यांत ती आहे की नाही, मला ठाऊक नाही. होडी बुडाली आणि तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, जिवंत परतला, तर तो आधी स्वतःच्या घरी जात नाही. ओल्या कपड्यांनी तो दारोदार फिरतो. वाटेत कपडे वाळले असतील तर पुन्हा समुद्रात बुडी मारून येतो. प्रत्येक दारापुढे उभा राहतो, बसत नाही, आणि सांगतो : होडी कुठे बुडाली, कशी बुडाली आणि त्यात माझं काय चुकलं. ऐकून झालं की घरातली बाई आत जाते. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं तर त्या घराने त्याला माफ केलं. एका जरी दाराने पाणी दिलं तरी तो पुन्हा समुद्रावर जाऊ शकतो. एकाही दाराने दिलं नाही, तर त्याच्यासाठी आमच्या बंदरातून होडी सुटत नाही, त्याची स्वतःचीही नाही आणि दुसऱ्या कोणाचीही नाही. याला तांडेलाची फेरी म्हणतात. जो फेरी चुकवतो त्याला 'कोरडा' म्हणतात. आमच्याकडे आईवरून दिलेली शिवी माणूस एक वेळ गिळतो, 'कोरडा' म्हटलं तर सुरा काढतो.

एक फेरी मी लहानपणी पाहिली आहे. केसरमावशीचा नवरा, तुळशीरामकाका, धर्मा तांडेलाच्या होडीवर होता आणि परत आला नाही. धर्मा आला. मावशीच्या दारात उभा राहून म्हणाला, "खांदेरीच्या भायेर. वारा फिरला तवा मी शीड उतरवलं न्हाय. तुळशीराम बोलला व्हता. मी आयकलं न्हाय." पहिल्या दारात त्याचा आवाज धड होता. जसजशी दारं सरत गेली तसतसा तो बसत गेला, आणि शेवटच्या घरांपाशी फक्त ओठ हलत होते. मावशीने त्याला ऊन उतरेपर्यंत उभं ठेवलं. मग आत गेली आणि पाणी घेऊन आली. तिचा मुलगा कान्हा मोठा झाल्यावर त्याच धर्माच्या मचव्यावर खलाशी म्हणून गेला. हे एवढं सांगितलं की आमच्या रीतीत काय ताकद आहे ते कळेल.

आता बँकेचं. मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी नारळी पौर्णिमेला बँकेचे चेअरमन काकासाहेब जोगळेकर आमच्या बंदरावर आले. सुपारीच्या वाड्या, मिठागरात भागी, घरी मोटार असा माणूस. रेशमी उपरणं घेऊन ते नारळाच्या ताटाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मडक्यात पैसे ठेवण्याचे दिवस गेले. ही बँक म्हणजे तुमचीच होडी आहे, आणि मी तिचा तांडेल!"

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी वाजवल्या नाहीत. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आमच्यात हा शब्द कोणी आपणहून लावून घेत नाही, तो वाडा देतो. हा माणूस सणाच्या दिवशी, समुद्राकडे तोंड करून, सगळ्यांदेखत स्वतःला तांडेल म्हणत होता. म्हणजे तो फेरीला बांधला गेला. एवढी मोठी जामीनकी देणारा माणूस खोटा कसा असेल? दुसऱ्याच दिवसापासून बायका बँकेत जायला लागल्या. व्याज किती मिळणार हे एकीनेही विचारलं नाही. मासळी बाईने विकायची आणि पैसा तिच्याच हातात राहायचा ही आमच्याकडची पद्धत, त्यामुळे वाड्याचा बहुतेक सगळा पैसा त्या एका शब्दावर बँकेत गेला.

केसरमावशीचा पैसा मचव्यासाठी होता. सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन तिने गावंच्या गावं पायाखाली घातली होती. खलाशाला मासळीचा एक वाटा मिळतो, होडीच्या मालकाला होडीचे वेगळे वाटे मिळतात. कान्हाने जन्मभर एका वाट्यावर राहू नये एवढं तिला हवं होतं. बंदराच्या कडेला उंडीच्या झाडाखाली अंबाजी सुताराने मचव्याचा कणा घालून फासळ्या उभ्या केल्या होत्या. फळ्यांचे पैसे बँकेत होते. सदा बातमी सांगून गेला त्याच दिवशी अंबाजी मावशीला म्हणाला, "केसरबाय, पावसाच्या आधी फल्या चढल्या तर मचवा. न्हाय तर फासल्या पिलवटतील, मंग चुलीत घाला. मी उधारीवर केलं असतं, पन माजं बी पैसं तितंच हायेत."

मावशीने मला बोलावलं. "हिरामण, तू शिकलास. जा, ठिकाण काढून ये."

मी अलिबागला गेलो. बँकेची येणी गोळा करून ठेवीदारांना वाटायला कोर्टाने एक लिक्विडेटर नेमला होता. तो सभ्यपणे बोलला. कर्जं वसूल होतील तसे पैसे मिळतील. किती, सांगता येत नाही. केव्हा, सांगता येत नाही. मी विचारलं, सगळ्यात मोठं कर्ज कोणाला दिलं आहे? ते लपवण्यासारखं नव्हतं, तिथल्या शिपायालाही माहीत होतं. काशीदच्या रस्त्याला काकासाहेबांच्या जावयाने बर्फाचा कारखाना काढला होता, त्याला.

"कारखाना चालू आहे," लिक्विडेटर म्हणाला. "आमच्याकडे तशी माहिती आहे. चालता कारखाना असेल तर हप्ते येत राहतील."

मला कारखाना बघायचा होता. रविवारी तरीतून खाडी ओलांडली आणि साळावच्या पुढे चालत गेलो. पत्र्याची मोठी शेड, दारात पाटी, पाटीवर बर्फाच्या लादीचं चित्र. आत एक म्हातारा राखणदार विडी ओढत बसला होता. मास्तर आहे म्हटल्यावर त्याने मला फिरू दिलं.

बर्फ करायच्या यंत्रात अमोनिया वायू असतो. तो एकदा नळीत खेळला की नंतर कितीही धुवा, सांध्यांशी नाक नेलं तर डोळ्यांत पाणी येतं. मी प्रत्येक सांध्याशी नाक नेलं. नव्या रंगाचा वास आला, दुसरा कसलाही नाही. बर्फाचे डबे ज्या हौदात बुडवतात त्यात मिठाचं पाणी असतं. ते आटलं की हौदाच्या भिंतीवर पांढरी पुटं राहतात. हौद कोरडा ठणठणीत होता आणि त्यात कोळ्यांनी जाळी विणली होती, आठ पायांच्या कोळ्यांनी. या कारखान्यात कधीही बर्फ झाला नव्हता. बर्फाचा एक खडासुद्धा नाही. आमच्या बायकांनी उन्हात करपत कमावलेला पैसा या पत्र्याखाली आणून ठेवला होता, आणि काकासाहेबांनी भाषणात सांगितलं होतं की तुमच्या मासळीसाठी बर्फ येणार आहे.

एका कोपऱ्यात मुख्य यंत्र पायापासून सुटं करून लाकडी पेटीत घातलेलं होतं. खिळे नवे होते.

"ह्ये कुठं चाललं?" मी विचारलं.

"मुंबईला. गिऱ्हाईक हाय म्हनं," राखणदार म्हणाला. "होडी गावली की जायाचं. रस्त्यानं साहेबांना न्यायचं न्हाय."

रस्त्याने नेलं तर गावोगाव लोकांच्या नजरेला पडतं. पाण्यावरून कोण बघतो?

मी घरी आलो आणि मावशीला म्हटलं, "ठिकाण सापडलं."

"किती वाव पानी?" तिने खोली विचारली.

"पाणी नाही मावशी. कोरडं ठिकाण आहे."

मी सगळं सांगितलं. ती पदर खोचून उठली. "चल. त्याला फेरीला बोलवायचं."

बायका काकासाहेबांच्या घरी गेल्या, मी मागे होतो. वाड्यातल्या पहिल्या घरातली मनुबाई पुढे, मावशी मध्ये, अंबाजीची बायको, सदाची आई, आणखी कितीतरी. काकासाहेब ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी कोणाला बसायला सांगितलं नाही, आणि कोणी बसायला आलंही नव्हतं.

"अगं, तुमच्याइतकंच माझंही नुकसान झालंय," ते म्हणाले. "प्रकरण आता कोर्टात आहे. मला काही बोलता येत नाही. हिरामण, तू तर शिकलेला, तू समजावून सांग यांना."

"मी कारखाना बघून आलोय," मी म्हटलं.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

मावशी म्हणाली, "काकासाहेब, कोरटाचं कोरट बघंल. तुमी तांडेल हाव. होडी बुडाली, तुमी जिते हाव. फेरी करा."

"कसली फेरी?"

मनुबाईने सांगितलं. ऐकताना काकासाहेबांच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"म्हणजे मी ओल्या धोतराने तुमच्या झोपड्यांपुढे उभं राहायचं?"

"तुमी सोताला तांडेल बोललाव."

"अगं केसर, ती बोलायची पद्धत असते!"

मनुबाई त्यांच्या अंगणात थुंकली. "कोरडा," ती म्हणाली. त्यांना शिवी कळलीच नाही. त्यांनी गड्याला हाक मारून अंगण धुवायला सांगितलं.

परत घराशी आल्यावर मावशीने मला विचारलं, "हिरा, बोलायची पद्धत म्हंजे काय रं?"

मी विचार केला. "जे बोलायचं असतं पण करायचं नसतं, ते."

"त्याला आमच्यात खोटं म्हंतात," ती म्हणाली आणि आत गेली.

पेटीबद्दल मी लिक्विडेटरला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. 'आपले पत्र पोहोचले, योग्य ती कार्यवाही होईल' असं आलं. मी शाळेत जात होतो, मुलांना ऑक्सिजन तयार करून दाखवत होतो, आणि डोक्यात ती पेटी. आमच्या बंदरातल्या कोणीही ती न्यायची नाही असं वाड्याने ठरवलं होतं. पण दुसरीकडची होडी आज ना उद्या मिळालीच असती.

काकासाहेबांना तेवढा धीर नव्हता. होळीच्या सुमाराला एका सकाळी ते स्वतः बंदरावर आले. छत्री घेऊन, गडी बरोबर घेऊन, थेट उंडीच्या झाडाखाली, जिथे फासळ्या उभ्या होत्या. मावशी, कान्हा आणि मी तिथेच होतो. अंबाजी रंधा आवरत होता.

"वा," ते फासळीवर हात फिरवत म्हणाले. "सुरेख काम आहे. असं अर्धवट राहू नये. केसर, फळ्या हव्यात ना तुला? सागाच्या देतो. माझ्या वखारीत पडून आहेत. परवा गाडी इथं उभी राहील."

"आनि?"

"आणि काही नाही. एक पेटी आहे माझी साळावला. मुंबईला पोचवायची. कान्हा आणि तुमचा तो धर्मा, दोघं जाऊन येतील. कुठं बोलायचं नाही, एवढंच."

कान्हाचा चेहरा मी पाहिला. तो आईला बाजूला घेऊन गेला, पण वाऱ्यावर सगळं ऐकू येत होतं.

"आये, घे."

"ती पेटी सगल्यांची हाय."

"सगल्यांच्या वाट्याला त्यातून काय येनार हाय? दोन-दोन रुपये? ते बी कवा? फल्या आता येतात. हातात येतात."

"कान्हा, तुजा बाप आयला न्हाय तवा ह्याच घरांनी आपल्याला भात घातला."

"भात घातला. मचवा घातला काय?" त्याचा आवाज फुटला. "मी धर्माकाकाच्या होडीवर जलमभर जाळी ओढू? तुजी जिद्द हाय म्हनून?"

मावशी फासळ्यांकडे बघत उभी राहिली. त्या मचव्याकडे आतापर्यंत ती एवढ्या जवळून, एवढा वेळ कधी बघत राहिली नव्हती. मला वाटलं, घेणार. आणि घेतलं असतं तर मी तिला काही म्हटलं नसतं.

ती काकासाहेबांकडे वळली. "फेरी करा. सगल्या दारांना. ठिकान सांगा, चूक सांगा. मंग माजा पोर तुमची पेटी नेईल."

"शब्द?"

"शब्द."

मी म्हटलं, "मावशी!" तिने माझ्याकडे बघितलं नाही.

काकासाहेब मनापासून हसले. त्यांना सौदा स्वस्त पडला होता. वाड्याबाहेरचं कोण ऐकणार होतं? आणि ऐकलं तरी कोळणींच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतो? त्यांनी घड्याळ काढून गड्याला दिलं. चष्मा दिला. कोट दिला. मग धोतर सावरत पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत गेले आणि ओंजळीने अंगावर पाणी घ्यायला लागले.

"डोसक्यावरून," मनुबाई ओरडली. "सत्यनारायनाला बसताव काय?"

सगळा वाडा काठावर जमला होता. काकासाहेबांनी बुडी मारली. वर आले तेव्हा केस कपाळाला चिकटले होते आणि ते एकदम म्हातारे, साधे दिसायला लागले. त्या क्षणी मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल. मला अजून स्वतःचा राग येतो की मला तसं वाटलं.

पहिलं दार मनुबाईचं. काकासाहेब म्हणाले, "काळ वाईट आला. बाजार पडला. बँक बुडाली."

"ठिकान?" मावशी मागून म्हणाली.

"बर्फाच्या कारखान्यात."

"तिथं कुनी घातली?"

"मी कर्ज मंजूर केलं. जावयाला."

"चुकलं काय?"

"मंजूर करायला नको होतं."

मनुबाई आत गेली नाही. दारातच हाताची घडी घालून उभी राहिली. काकासाहेब पुढच्या दाराला गेले. तिथे मावशीला विचारावं लागलं नाही. तिसऱ्या दाराला त्यांना वाक्य जमलं : "बँक बर्फाच्या कारखान्यात बुडाली, कर्ज मी जावयाला मंजूर केलं, ते करायला नको होतं." पुढे पुढे ते चालता चालताच म्हणायला लागले. अंबाजीच्या दाराशी तर त्यांनी गड्याकडे बघून डोळा मिचकावला. धर्माचे शब्द दारागणिक जड होत गेले होते. या माणसाचे हलके होत गेले. तो आम्हाला आमची चोरी सांगत होता आणि त्याची जीभ कुठेही अडखळत नव्हती. सदाची आई, जिने पोरीच्या लग्नाचं सगळं बँकेत ठेवलं होतं, ती रडायला लागली, तर ते तिला म्हणाले, "असू दे, असू दे," आणि पुढे गेले. जणू तीच त्यांची माफी मागत होती.

शेवटचं दार धर्माचं. त्याची बायको जनी दारात होती, धर्मा शेजारी. धर्माने सगळं ऐकलं आणि मान खाली घातली. जनी हलली नाही.

काकासाहेब बंदरावर परत आले. गड्याने दिलेल्या पंच्याने डोकं पुसलं, चष्मा लावला. "झालं समाधान? चला, होडी काढा. भरती आहे तोवर साळाव गाठू."

कोणी हललं नाही.

"धर्मा?"

धर्मा म्हणाला, "पानी किती दारांनी दिलं, साहेब?"

"कसलं पाणी?"

मावशीने सांगितलं. मनुबाईने फेरीची रीत सांगितली तेव्हा हा भाग ऐकायला काकासाहेब थांबले नव्हते, हसत होते. मग मावशी म्हणाली, "एक बी दारानं पानी दिलं न्हाय. आता तुमच्यासाठी हितून होडी सुटत न्हाय. तुमची पेटी जानार न्हाय."

"अगं, तू शब्द दिलास! सगळ्यांदेखत!"

"काकासाहेब," मावशी म्हणाली, "ती बोलायची पद्धत असते."

हशा पिकला. मनुबाईने टाळ्या वाजवल्या, सदाने शिट्टी घातली, पोरं "कोरडा, कोरडा" ओरडत त्यांच्या मागे बाजारापर्यंत गेली. ओल्या धोतराचा घोळ हातात धरून जाणारा तो माणूस मी डोळे भरून पाहिला. एवढं समाधान मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी वळलो तर मावशी फासळ्यांशी बसली होती.

"मावशी, झकास केलंस."

"गप," ती म्हणाली. "मी खोटं बोलली."

"त्याच्याशी? त्याने तर..."

"त्यानं पैसं नेलं, ते नेलं. माजं तोंड बी त्याच्यासारखं केलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "शब्द देताना मना म्हाईत व्हतं. कोन बी पानी देनार न्हाय, मना म्हाईत व्हतं."

त्याच दिवशी दुपारच्या लाँचने मी अलिबाग गाठलं आणि लिक्विडेटरच्या टेबलापाशी उभा राहिलो. या वेळी मी सभ्यपणे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पेटीवर सील लागलं. पुढे यंत्र विकलं गेलं, आणि कायद्याने ठरवलेली लहान ठेवीदारांची पहिली रक्कम त्यानंतर बऱ्याच काळाने वाड्यात आली. बाकीचं अजून यायचं आहे. काकासाहेबांवर खटला उभा राहिला आणि बसला. गेल्या वर्षी त्यांनी एका सोसायटीच्या इमारतीची कोनशिला बसवली. मी तिथून जात होतो. लाउडस्पीकरवरून ते सांगत होते की ही संस्था म्हणजे एक कुटुंब आहे.

मावशीला पैसे मिळाले तेव्हा मचवा नव्हता. त्या पावसात फासळ्या पिळवटल्या, अंबाजीने सांगितलं होतं तशाच. श्रावणात त्याने स्वतःच्या हाताने त्या सोडवल्या आणि मावशीने त्यांच्यावर भात शिजवला. कान्हा आईशी बरेच दिवस बोलला नाही. तो अजून धर्माच्याच होडीवर आहे, एका वाट्यावर.

पण मला राग येतो तो त्या फेरीच्या दिवसाच्या संध्याकाळचा. अलिबागहून परत आलो तेव्हा सूर्य मावळत होता. वाड्यातली माणसं आपापल्या दारांत उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, कोणी गेलं. मग मला मावशी दिसली. लुगडं नखशिखांत भिजलेलं, केसांतून पाणी गळत होतं. ती धर्माच्या दारात उभी होती. धर्माचीच होडी तिने शब्दात अडकवली होती, म्हणून पहिलं दार त्याचं.

आमच्या वाड्यात बाईने फेरी केल्याचं कोणालाही आठवत नाही.

"बंदरावर," ती म्हणत होती. "उंडीच्या झाडाखाली. मी शब्द दिला आनि तो मोडायचा म्हनूनच दिला. माजं चुकलं ते..."

जनीने तिला पुरं बोलू दिलं नाही. तांब्या तिच्या हातात आधीपासूनच होता. मावशीने तो घेतला, पण प्यायली नाही. पाणी घेऊन तशीच उभी राहिली, आणि उरलेलं वाक्य पुरं केलं.